पार्बताबाईचं शटल

वैशाखाची दुपार आहे. अमरावतीत या वेळी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. खिडक्यांवर पडदे ओढलेले आहेत, कूलर घरघरतो आहे, वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला आहे, आणि कुंदा बोधनकर डाव्या कुशीवर वळून झोपेची वाट पाहते आहे. झोप उंबऱ्यापर्यंत येते, आत डोकावते आणि परत फिरते. कुंदाच्या डोळ्यांसमोरून सकाळचा तो लाल ठिपका काही हलत नाही.

सकाळी ती टोपड्याला लावायची लेस करत बसली होती. मुलीला आठवा महिना लागलाय, आणि येणाऱ्या बाळाचं पहिलं टोपडं आजीच्याच हातचं असायला हवं, असं मुलीने आधीच बजावून ठेवलंय. पांढऱ्या दोऱ्याचं टॅटिंग. होडीच्या आकाराचं बोटभर लांब शटल, त्याच्या पोटात गुंडाळलेला दोरा आणि डाव्या पंजाभोवती घेतलेला दुसऱ्या दोऱ्याचा वेढा, एवढ्यावर सगळा कारभार. गाठीमागून गाठ घालता घालता कुंदाला लेसवर लाल ठिपका दिसला. कशाचा तरी रंग लागला असेल असं वाटून तिने तो खरवडून पाहिला. तेवढ्यात शेजारी दुसरा उमटला. मग तिने हात उलटा केला. शटलचं टोक तर्जनीत रुतून बसलं होतं आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

गेल्या वर्षी तिला कर्करोग झाला होता. औषधं चढवली, आजार गेला; त्या औषधांनी बोटांच्या टोकांची जाणीव मात्र नेली. डॉक्टरांनी सांगितलं की नसा कधी कधी परत येतात, कधी येत नाहीत, वाट पाहायची. कुंदाने मान डोलावली. तिला यातलं काही समजावून सांगायची गरज नव्हती. बधिर हातांमध्येच तिचा जन्म गेला होता. सातपुड्याच्या पायथ्याशी कुष्ठरोग्यांचा एक दवाखाना होता, तिथे तिने सगळी नोकरी काढली. हातांचे व्यायाम घ्यायचे, हातांची निगा राखायला शिकवायचं, ज्या बोटांना काही कळत नाही त्यांनी चूल कशी पेटवायची, विळा कसा धरायचा, हे दाखवायचं. बोटांना कळत नसेल तर डोळ्यांनी हात सांभाळा, हे वाक्य तिने किती माणसांना ऐकवलं असेल त्याला मोजदाद नाही. आणि आज तिचंच बोट तिच्या नकळत रक्ताळलं होतं.

तिने लेस पाण्यात टाकली. शटल कपाटातल्या साड्यांखाली ढकललं. मुलीचा फोन आला तेव्हा हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि टोपड्याचा विषय निघायच्या आत फोन ठेवला.

आता पापण्या जड होतात. कूलरची घरघर दूर जाते, पुन्हा जवळ येते, आणि जवळ येता येता तिचा सूर बदलतो. ही शिवणयंत्राची घरघर आहे. कोणीतरी काहीतरी जाड शिवतंय. कुंदा डोळे उघडते, किंवा उघडले असं तिला वाटतं. पलंगाच्या पायथ्याशी एक बाई बसली आहे. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले. हात असे उताणे ठेवायची सवय एकाच बाईला होती.

पार्बताबाई इंगोले जाऊन बरीच वर्षं झाली. कुंदाला ते स्वप्नातही ठाऊक आहे. म्हणूनच ती दचकत नाही. पाय जवळ घेते आणि पार्बताबाईला नीट बसायला जागा करून देते.

"झोपली व्हती काय?" पार्बताबाई विचारते.

"नाही. नुसतीच पडले होते."

"मंग पड. मले काई घाई नाही."

पण कुंदा पडत नाही. ती त्या उताण्या हातांकडे पाहत राहते.

पार्बताबाई दवाखान्यात आली तेव्हा तिशीची असेल. अंजनगावाकडची. अंगावर चट्टे दिसायला लागले तशी सासरच्यांनी तिची पथारी गोठ्यात टाकली, पुढे तिला दवाखान्यात आणून सोडलं आणि तान्ही पोर तेवढी स्वतःकडे ठेवून घेतली. औषधांनी रोग बरा झाला, पण तोवर हातांच्या नसा गेल्या होत्या. बोटं पाखराच्या नख्यांसारखी आत वळली होती. शस्त्रक्रिया करून ती सरळ केली, आणि सरळ झालेल्या बोटांना पुन्हा कामाला लावायला तिला कुंदाच्या खोलीत पाठवलं. कुंदा तेव्हा नागपूरहून नुकतीच शिकून आलेली, सगळं पुस्तकाप्रमाणे करणारी पोरगी. पुस्तकात मातीचे गोळे वळायला सांगितले होते, म्हणून ती पार्बताबाईकडून मातीचे गोळे वळून घेई. पार्बताबाई वळायची, पण तोंड आंबट करून.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुंदा कडुनिंबाखाली टॅटिंग करत बसली होती. पार्बताबाई येऊन शेजारी उभी राहिली, बराच वेळ नुसती बघत. मग म्हणाली, मातीचे गोळे तुमी वळा, मले हे शिकवा.

दवाखान्यात ज्याने ऐकलं त्याने हेच सांगितलं, की नको त्या फंदात पडू नका. टॅटिंग हे बोटांच्या जाणिवेचं काम. शटलच्या दोऱ्याने घातलेली गाठ ऐन क्षणी दुसऱ्या दोऱ्यावर उलटावी लागते. उलटली तर ती सरकते, नाही तर तिथेच घट्ट आवळून बसते. ती उलटल्याचं बोटांना कळतं, दोरा किंचित सैलावतो. ज्या बोटांना निखारा कळत नाही त्यांना दोऱ्याचं सैलावणं काय कळणार? कुंदालाही मनातून तेच वाटत होतं. पण पार्बताबाई रोज कडुनिंबाखाली येऊन बसायला लागली.

आता पलंगाखाली पाय सोडावेत तर खाली घरातली फरशी नाही. दवाखान्याच्या ओसरीतला खडबडीत दगड आहे, उन्हाने तापलेला. पार्बताबाई पुढे चालते आहे. कुंदा तिच्यामागून. ओसरी संपत नाही. दोन्ही बाजूंना चपला उन्हात मांडून ठेवल्या आहेत, काळ्या रबराच्या, वाळवणासारख्या ओळीने, आणि त्यांच्या पलीकडून शिवणयंत्राचा आवाज येतोय. हे चपलांचं खातं. इथे मारोतराव बसायचे. रोग्यांच्या बधिर पायांना खडा रुतू नये म्हणून मऊ रबराच्या चपला बनवणं हे त्यांचं काम. ते आताही बसले आहेत, मान खाली घालून. मान वर न करताच ते रबराचे दोन तुकडे पुढे सरकवतात.

तसे ते तेव्हाही सरकवायचे. कारण टॅटिंग शिकवायला घेतल्यावर पहिल्यांदा अडलं ते शटलपाशी. चपटं, गुळगुळीत शटल पार्बताबाईच्या चिमटीत राहीना. निसटू नये म्हणून ती ते दाबून धरी, आणि दुखत नसल्यामुळे दाबतच राही. संध्याकाळी पाहावं तर अंगठ्याला टरारून फोड. शिवाय टोक बोटात घुसे ते वेगळंच. मग दोघी शटलच्याच मागे लागल्या. मारोतरावांच्या रबराचे तुकडे शटलच्या दोन्ही बाजूंना चिकटवले. ते इतकं गुबगुबीत झालं की सगळे त्याला कपाशीचं बोंड म्हणायला लागले. बोंड हाताला मऊ होतं, पण पार्बताबाई त्याला पहिल्यापेक्षाही जोरात दाबायची. मऊपणात तिचा जोर बुडून जायचा आणि कळायचं कोणालाच नाही. ते काढून टाकलं. मग शटलला वरून इलॅस्टिकचा वेढा दिला, त्यात बोट अडकवून ठेवायचं, म्हणजे पकडायला नको. त्याने बोट सुजलं. तेही काढलं.

त्या सगळ्या खटाटोपात दोन पावसाळे गेले असतील. कुंदाला आजही वाटतं की आयुष्यात इतकं हसू तिला पुन्हा कधी आलं नाही. एक शटल पाटाएवढं झालं म्हणून हसायचं, एक गोंदात बुडून मारोतरावांच्या विजारीला चिकटलं म्हणून हसायचं. सुट्टी संपल्याची घंटा होई आणि दोघींच्या डब्यातली भाकर तशीच राहिलेली असे.

"काढ," पार्बताबाई म्हणते आहे.

"काय काढू?"

"लुगड्याखाली लपवलं ते."

कुंदा मूठ उघडते. शटल तिच्या मुठीतच आहे. त्याला लोंबणारी लेस ओली आहे आणि तिच्यावर लाल ठिपके आहेत, सकाळी होते त्याहून मोठे. पार्बताबाई लेस हातात घेऊन उन्हाकडे धरते. रागावत नाही. लाल दिसलं की उसवायचं, एवढंच म्हणते.

ती त्यांची जुनी भाषा आहे. गाठ उलटली की नाही हे बोटांना कळत नाही, तर डोळ्यांना कळू दे, म्हणून कुंदाने शटलमध्ये लाल दोरा भरला होता आणि पंजाभोवती पांढरा घेतला होता. गाठ बरोबर उलटली की पांढरी दिसे, लाल दोरा तिच्या पोटातून सरळ निघून जाई. चुकली की लाल वर येई. लाल दिसलं की उसवायचं. पार्बताबाईने पहिली वीतभर लेस पुरी केली तेव्हा तिच्यात एकही लाल गाठ नव्हती. ती लेस ती दवाखानाभर दाखवत फिरली होती, अगदी स्वयंपाकघरातल्या माणसांनासुद्धा.

चपलांच्या खात्यात मारोतराव आता नाहीत. शिवणयंत्राच्या जागी लाकडी टेबल आहे, त्यावर पांढरी चादर. ही कुंदाची खोली. भिंतीवर हाताच्या नसांचं चित्र आहे. फक्त बसायच्या जागा उलटसुलट झाल्या आहेत. कुंदाच्या खुर्चीत पार्बताबाई बसली आहे आणि कुंदा रोग्यांच्या बाकावर. टेबलावर कुंदाचा हात उताणा ठेवलेला आहे. पार्बताबाईच्या बोटांत बंद केलेलं पेन आहे.

ही तपासणी कुंदाने आयुष्यभर घेतली. रोग्याने डोळे मिटायचे, ती पेनाचं टोक एकेका बोटावर हलकेच टेकवणार, जाणवलं की त्याने सांगायचं.

"डोळे मीट," पार्बताबाई म्हणते. "लागलं का सांग."

कुंदा डोळे मिटते. अंधारात सगळं शांत आहे. ती वाट पाहते. अंगठा असेल आता. नाही, तर्जनी. काहीच कळत नाही. इतका वेळ झाला, म्हणजे टेकवलं असणारच.

"लागलं," ती म्हणते.

"म्या आजून टेकवलंच नाही, बाई."

कुंदा डोळे उघडते. पेन टेबलावर आहे. तिला रडू येतं. असे किती जण या बाकावर बसून तिला लागलं, लागलं म्हणाले होते. पोस्टमन होता एक, शाळामास्तर होता, नवी नवरी होती. ती त्यांना हसून म्हणायची, अहो, मी अजून हात लावलाच नाही. त्यांना काय वाटत असेल ते तिला आता कळतं आहे.

"मला भीती वाटते, पार्बताबाई," ती म्हणते. "लेकीलाही सांगितलं नाही मी. बाळाला घेताना उद्या काही झालं तर. त्याचं पाणी कढत असलं आणि मला कळलं नाही तर."

खिडकीबाहेर कडुनिंबाची पानं गळताहेत, एक एक, घाई न करता.

"भेव तं वाटतेच," ती म्हणते. "मले बी वाटे. दिसभर वाटे. पण मंग दुपारच्याले चहा येई."

कुंदा रडता रडता हसते. चहाची ती मोठी किटली, अ‍ॅल्युमिनियमची, दोन आचारी धरून आणायचे. चहा हातात घेताना कप गरम आहे का हे पार्बताबाई शेजारच्याला विचारी, आणि शेजारचाही बधिर हाताचा असला की दोघं मिळून तिसऱ्याला हाक मारत.

पार्बताबाई शटल उचलते. हे टोक असं टोकदार कायले ठेवलं, असं पुटपुटते आणि उठते. कोपऱ्यात धार लावायचा दगड आहे, ती तो पायाने फिरवते. शटलचं टोक दगडावर घासायला लागते. बारीक पांढरी भुकटी उडते. मग मेणाची गोळी येते, कुठून ते कळत नाही. पार्बताबाई ती शटलच्या पाठीवर थापते आणि कुंदाचा अंगठा धरून तिच्यावर दाबते.

शेवटी जमलेलं शटल ते असंच होतं. पार्बताबाईचा अंगठा जिथे टेकायचा तिथे त्यांनी मेणात खळगा घेतला, मग तसाच खळगा कानशीने शटलच्या पाठीत कोरला. अंगठा त्या खळग्यात बसला की आपोआप राही. दाबायची गरजच उरली नाही. टोक घासून गोल केलं. एवढंच. दोन पावसाळ्यांचं एवढंच निघालं, पण पार्बताबाईच्या अंगठ्याला त्यानंतर फोड आला नाही.

कुंदा आपल्या अंगठ्याकडे पाहते. मेण मऊ आहे की कडक, तिला कळत नाही. पण खळगा पडतोय हे दिसतंय. तो तिच्याच अंगठ्याचा आहे, जरा डावीकडे कललेला.

दगड फिरतो आहे. फिरता फिरता त्याचा आवाज मोठा होतो, खडखडायला लागतो, आणि खोली हलते. दोघी एसटीत बसल्या आहेत. खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा मागे पळताहेत. कुंदाच्या मांडीवर कागदात गुंडाळलेलं पुडकं आहे. त्यात काय आहे ते तिला पाहावं लागत नाही.

खऱ्या प्रवासात ती एकटीच होती. पार्बताबाईची पोर, सिंधू, मोठी झाली आणि तिचं लग्न ठरलं, अशी बातमी माहेरच्या एका माणसाने दवाखान्यात आणली. पार्बताबाईने सगळा हिवाळा बसून लेस केली, लग्नातल्या पोलक्याच्या बाह्यांना लावायला. आणि ती कुंदाच्या हाती दिली. तुम्हीही चला, असं कुंदाने तिला परोपरीने सांगून पाहिलं. ती एकच म्हणाली, मी गेली तं लगन मोडन पोरीचं. मग कुंदा गेली. कोणी विचारलं तर आईच्या माहेरची ओळख, एवढंच सांगायचं ठरलं होतं. लेस तिने आधी पोचती केली होती, लग्नाला पुन्हा गेली. मांडवात नवरी पोलकं घालून बसली होती आणि दोन्ही बाह्यांना ती लेस होती, पांढरीशुभ्र, तिच्या पोटातला लाल दोरा फक्त कुंदाला माहीत. परत आल्यावर कुंदा खूप काही सांगणार होती. नवरदेव कसा आहे, पोर कशी आईवर गेली आहे. पार्बताबाईने आधी एकच गोष्ट विचारली. बाही काचत तं नव्हती नं पोरीले?

कुंदाला सांगता आलं नव्हतं. तिने ते पाहिलंच नव्हतं.

आता एसटी थेट मांडवात येऊन थांबते. दाराला आंब्याची पानं आहेत, सनई वाजते आहे पण आवाज नाही. सिंधू पाटावर बसली आहे, हळदीच्या अंगाने, तशीच तरुण. पार्बताबाई गर्दीतून वाट काढत पुढे जाते. कोणी तिला अडवत नाही. कोणी पाय मागे घेत नाही. बायका सरकून तिला जागा देतात. ती लेकीशेजारी वाकते आणि तिच्या बाहीच्या आत एक बोट घालते, अलगद, काठाकाठाने दंडाभोवती फिरवते. सिंधू वर पाहत नाही. फक्त दंड थोडा उचलते, आई कपडे करताना पोरं उचलतात तसा.

पार्बताबाई वळून कुंदाकडे बघते.

"सैल हाये," ती म्हणते.

मग ती कुंदाला हाताने बोलावते. सिंधूच्या पुढ्यात नवरीच्या न्हाण्याचं तांब्याचं घंगाळ आहे, पाण्याने भरलेलं, वर हळदीची पिवळी झाक. सिंधू उठून गेली आहे. मांडवही उठला आहे. फक्त घंगाळ उरलं आहे, कडुनिंबाखाली, आणि त्याच्या दोन बाजूंना त्या दोघी. दवाखान्यात रोज सकाळी सगळे असेच बसायचे. कोरड्या, बधिर कातडीला भेगा पडू नयेत म्हणून हात पाण्यात भिजत ठेवायचे आणि मग तेल लावायचं. कुंदा हात पाण्यात घालायला जाते तशी पार्बताबाई तिच्या मनगटावर चापट मारते.

"कोपरानं पाह्य आधी."

कुंदा शरमते. हेही तिनेच शिकवलेलं. ती कोपर बुडवून बघते. पाणी कोमट आहे. कोपराला ते इतकं स्पष्ट कळतं की तिला नवल वाटतं.

"कोमट आहे," ती सांगते.

"हाव ना?" पार्बताबाई विचारते, आणि कुंदाने मान हलवल्यावरच आपले हात आत सोडते. कुंदाही सोडते. पाण्यात चार हात आहेत. हळदीमुळे कोणाचा कुठला ते नीट ओळखू येत नाही. कुंदाला वाटतं, किती दिवसांत आपण असं नुसतं बसलो नाही. पार्बताबाई गेली तेव्हा ती पुण्याला मुलीकडे होती, बातमी कळली तोवर सगळं होऊन गेलं होतं. त्या वेळी मनात आलेलं बरंच काही आता सांगावं असं तिला वाटतं, पण सांगायची गरज पडत नाही. पानं गळताहेत. पाण्यावर तरंगताहेत.

बऱ्याच वेळाने पार्बताबाई आपले हात बाहेर काढते आणि कुंदापुढे धरते. पाणी निथळतं आहे. इतका वेळ भिजूनही बोटांची टोकं गुळगुळीत आहेत, मुळीच आकसलेली नाहीत. कुंदाला ते ठाऊक आहे. नस मेली की त्या बोटावर पाण्याने सुरकुत्या पडत नाहीत, जिवंत असली तरच पडतात. तिच्या खोलीत याचीही तपासणी व्हायची. कुंदा ते हात आपल्या पदराने पुसते, एक एक बोट, बेचक्यांतूनसुद्धा, जसे रोज पुसायची.

"किती जणाईचे हात पुसले असशीन तू," पार्बताबाई म्हणते. "आता तुहे दाखव."

कुंदाचे हात पाण्यात आहेत. ते तिला बाहेर काढवत नाहीत. ती हळदीच्या पाण्याकडे बघत राहते. आत काय आहे ते दिसत नाही, आणि दिसत नाही तोवर बरं आहे.

"राहू दे आणखी थोडा वेळ," ती म्हणते.

"काढ नं, पोरी."

दवाखान्यात ती तिला कधी पोरी म्हणाली नव्हती. बाई म्हणायची, शेवटपर्यंत. कुंदा मान वर करते. समोर कोणी नाही. कडुनिंबाची सावली हलते आहे, हिरव्या लुगड्याच्या काठासारखी, आणि ती हलता हलता पडद्याची सावली होते.

कूलर घरघरतो आहे. ऊन पडद्याच्या कडेने आत आलंय. गल्लीत कुल्फीवाल्याची घंटी वाजते. कुंदा पाठीवर पडून आहे, तोंडाला कोरड पडलेली, दोन्ही हात पोटावर. उताणे. ती कधी असे हात ठेवून झोपत नाही.

थोडा वेळ ती छताकडे पाहते. मग हात उचलून डोळ्यांपुढे धरते.

डावा हात रोजच्यासारखा आहे. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गुळगुळीत आहेत. पण मधलं बोट, तर्जनी आणि अंगठा यांची टोकं आकसलेली आहेत. पांढुरकी, चुरगळलेली, धुणं धुऊन उठलेल्या बाईची असतात तशी.

ती उठून बसते. चादर चाचपते, मग तिच्यावर गाल टेकवून बघते. कोरडी आहे. उशी कोरडी आहे. साडी कोरडी आहे. ती खिडकीशी जाते, पडदा बाजूला करते आणि हात उन्हात धरते. सुरकुत्या तशाच आहेत. अंगठ्यावरची सगळ्यांत खोल.

हातांना काही कळत नाही. म्हणून ती तो अंगठा हळूच आपल्या खालच्या ओठावर टेकवते. ओठाला एक एक सुरकुती लागते.